शब्दचर्चा : पुस्तकाला 'बंदी' की नुसती 'हरकत'?

अमळनेर

एखाद्या कादंबरीबद्दल तक्रार आली की वाचनालयाच्या ठरावात ठरलेलं वाक्य येतं : 'सदर पुस्तक आक्षेपार्ह व वादग्रस्त असल्याने त्यावर बंदी घालण्यात येत आहे.' यातले 'आक्षेपार्ह', 'वादग्रस्त' आणि 'बंदी' हे तीन शब्द आपापल्या जागी बरोबर आहेत का? आणि शाळेच्या ग्रंथालयाला जे लागू ते गावाच्या वाचनालयाला लागू होतं का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

धुळे

तिन्ही चुकीच्या जागी बसलेत.

'अर्ह' म्हणजे पात्र. दंडार्ह म्हणजे दंडाला पात्र, तसं आक्षेपार्ह म्हणजे आक्षेप घ्यायला पात्र. तो निकाल झाला. अर्ज आला त्या दिवशी पुस्तक फक्त 'आक्षेपित' असतं, म्हणजे कुणीतरी आक्षेप घेतलेलं. ते आक्षेपार्ह आहे का, हे अख्खं वाचल्यावर ठरायचं. ठरावाच्या पहिल्याच ओळीत 'आक्षेपार्ह' लिहिलं की न वाचताच निवाडा दिला जातो, आणि तो कुणी दिला हेही कळत नाही.

'वादग्रस्त' हा कोर्टकचेरीत रोजचा शब्द. वादग्रस्त मिळकत म्हणजे जिच्यावर दावा चालू आहे ती. त्यात जमिनीचा दोष काहीच नसतो आणि निकालापर्यंत पिकं उभी राहतात. तोच शब्द कादंबरीला लागला की मात्र पुस्तकानेच काही केल्यासारखा वाचला जातो. 'ज्याबद्दल वाद चालू आहे' एवढाच अर्थ धरला तर वापरायला हरकत नाही, पण 'वादग्रस्त असल्याने' हे काढून टाकण्याचं कारण होऊ शकत नाही.

जळगाव

'बंदी'बद्दल मी लिहितो. 'तो बंदी' म्हणजे कैदी. 'ती बंदी' फारसी वळणाची, म्हणजे मज्जाव. पुस्तकावर घालतात ती दुसरी, पण ती घालणारा कोण, हे शब्दात दिसत नाही. खरा घोटाळा तिथेच होतो.

कायद्यातला नेमका शब्द 'सरकारजमा' आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता 1973 चं कलम 95, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 98. राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून एखाद्या प्रकाशनाच्या सगळ्या प्रती सरकारजमा झाल्याचं जाहीर करू शकतं. त्यात सरकारच्या मताची कारणं लिहावीच लागतात. कारणं दिली नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये हरनाम दास खटल्यात आधीच्या संहितेखालचा असाच हुकूम रद्द केला. पुस्तकाशी हितसंबंध असलेल्या कुणालाही अधिसूचनेपासून दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं, आणि तिथे तीन न्यायाधीशांचं विशेष पीठ बसतं. वाचनालयाचं कार्यकारी मंडळ, शाळेचे मुख्याध्यापक किंवा निवेदन देणारी मंडळी यांपैकी कुणाकडेही हा अधिकार नाही.

'जप्ती' वेगळी. जप्त म्हणजे ताब्यात घेतलं, ते परतही मिळू शकतं. सरकारजमा म्हणजे मालकीच सरकारकडे गेली. साने गुरुजींच्या 'पत्री' या कवितासंग्रहाच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त केल्या, हे अमळनेरकरांना सांगायला नको.

तिसरा प्रकार आयातबंदीचा. सलमान रश्दींच्या 'सॅटॅनिक व्हर्सेस'वर 1988 मध्ये सीमाशुल्काच्या अधिसूचनेने आली ती ही. 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तो विषय निघाला तेव्हा ती अधिसूचना कुणालाच हजर करता आली नाही, आणि ती अस्तित्वात नाही असं न्यायालयाला धरावं लागलं. म्हणून 'या पुस्तकावर बंदी आहे' असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारावा : अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख काय?

शिरपूर

जिभाऊ, बंदी फक्त सरकारच घालतं हे पटत नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यासारख्या गावांनी जंगल राखलं ते गावाने स्वतःच पाळलेल्या कुऱ्हाडबंदीने आणि चराईबंदीने. मग गावाच्या वाचनालयाने पुस्तकबंदी का घालू नये?

जाता जाता : 'मनाई' हा प्रमाण मराठीतला शब्द, 'मना आहे' म्हणजे नको. आमच्या अहिराणीत 'मना' म्हणजे माझा. 'हाई पुस्तक मनं शे' म्हटलं तर ते माझं पुस्तक, मनाईचं नव्हे.

जळगाव

चांगला मुद्दा. पण त्या समासांकडे नीट बघा. कुऱ्हाडबंदीत कुऱ्हाड थांबते आणि झाड उभं राहतं. चराईबंदीत चराई थांबते, गवत राहतं. राखायची वस्तू जागेवर असते. पुस्तकबंदीत पुस्तकच जातं. शिवाय ते जंगल सगळ्यांचं म्हणून सगळ्यांनी मिळून हात आवरला. वाचन एकेकाचं असतं. ज्याला कादंबरी नको त्याने ती नेऊ नये, त्यासाठी दुसऱ्याच्या हातातली काढून घ्यावी लागत नाही.

भुसावळ

ग्रंथालयाच्या कामातला शब्द 'बाद' किंवा 'निर्लेखन' आहे, म्हणजे पुस्तक नोंदवहीतून कमी करणं. प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंदवहीत दाखल क्रमांक असतो आणि ओळीच्या शेवटी 'शेरा' हा रकाना. पुस्तक गेलं की तिथे कारण यायला हवं : जीर्ण, गहाळ, वाचकाकडून हरवले व किंमत वसूल.

सगळ्यात मोठी हानी इथे होते. तक्रार आली की पुस्तक मुकाट्याने कपाटाच्या मागे टाकायचं आणि पुढच्या मोजणीत शेऱ्यात 'गहाळ' लिहायचं. पाने धड, शिवण घट्ट, शिक्का स्पष्ट, तरी 'जीर्ण'. कागदावर बंदी नाही, ठराव नाही, म्हणून दाद मागायलाही जागा नाही. खोटा शेरा हा नोंदवहीतला दोष आहे, तपासणीत तो अंगावर येतो. सार्वजनिक ग्रंथालय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 खाली मान्यताप्राप्त आणि अनुदान घेणारं असेल तर तो ग्रंथ लोकांच्या पैशातून आलेला असतो.

बरोबर रीत अशी. तोंडी तक्रार घेऊ नये. 'हरकत' लेखी घ्यावी, तिच्यात पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पान क्रमांक आणि 'संपूर्ण वाचले आहे काय' हा रकाना असावा. अर्जाला आवक क्रमांक द्यावा. निर्णय होईपर्यंत प्रत देवघेवीत ठेवावी, म्हणजे वाचकांना देत राहावी. मुदत आधीच ठरवावी, तीस दिवस पुरतात. तीन जणांनी पुस्तक पूर्ण वाचून आपापलं मत वेगवेगळं लिहावं, नाहीतर पहिला बोलतो तेच सगळ्यांचं होतं. उत्तर लेखी जावं. एकाच पुस्तकावर त्याच कारणाने पुन्हा हरकत आली तर जुन्या निर्णयाची प्रत द्यावी.

मुक्तद्वार पद्धत असेल, म्हणजे वाचक स्वतः मांडणीवरून पुस्तक उचलत असतील, तर कादंबरी बालविभागाजवळ लावू नये. हा मांडणीचा निर्णय झाला. त्याला बंदी म्हणू नये, आणि बंदीसाठी त्याची आडवाटही करू नये. कुलूपबंद कपाटात ठेवून 'मागितल्यास मिळेल' म्हणणं मला अजिबात मान्य नाही. चार लोकांत नाव घेऊन मागावं लागतं म्हणून वाचक मागतच नाही.

नंदुरबार

शाळेचं वेगळं धरावं लागेल, ताई. तिथे पुस्तक मुळात निवडूनच येतं आणि निवडीला वयोगट असतो. पाचवीच्या वर्गपेटीत एखादी कादंबरी ठेवली नाही तर ती 'निवडली नाही', बंदी झाली नाही. दहावीपर्यंत 'अवांतर वाचन' म्हणून काय द्यायचं हा शिक्षकाचा निर्णय. पण एकदा घेतलेलं पुस्तक निवेदन आलं म्हणून काढलं तर ती 'निवड' राहत नाही. तिथे भुसावळची रीतच लावावी.

अभ्यासक्रमातून काढणं म्हणजे 'वगळणे'. मुंबई विद्यापीठाने 2010 मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' वगळली, तेव्हा पुष्कळांनी 'बंदी' लिहिलं. दुकानात ती मिळत होती. उलट हांसदा सोवेंद्र शेखर यांच्या कथासंग्रहावर झारखंड सरकारने 2017 च्या ऑगस्टमध्ये घातली ती बंदीच, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उठवली. संथाळ समाजाचं चित्रण हा तिथला वाद होता. आमच्या भिल्ल-पावरा पट्ट्यात अशी हरकत उद्या येऊ शकते, आणि ती मनापासूनची असू शकते. म्हणून 'हरकत' हा शब्द मला आवडतो, त्यात समोरच्याचा अपमान नाही.

धुळे

अजून एक गल्लत. हरकतीत 'अश्लील' लिहिलेलं असतं आणि पानावर बघावं तर शिवी असते. 'अश्लील' मुळात 'अश्रील', शोभा नसलेलं. संस्कृत काव्यशास्त्रात ते काव्यदोषांत येतं, व्रीडा (लाज), जुगुप्सा (किळस) आणि अमंगल असे त्याचे तीन प्रकार. 'ग्राम्य' हा दोष त्याहून वेगळा मोजलाय. म्हणजे गावाकडची बोली आणि अश्लीलता एक नव्हे, हे जुन्यांनाही ठाऊक होतं. न्यायालयही तिथेच आलं : समरेश बसू यांच्या 'प्रजापती' या बंगाली कादंबरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सांगितलं की असभ्य भाषा म्हणजे अश्लीलता असं नाही. मराठीत चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या 1962 च्या दिवाळी अंकातली. दंडाधिकाऱ्यांनी सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये पुन्हा सोडलं. अहिराणी संवाद असलेल्या कादंबरीवर 'अश्लील' असा अर्ज आला तर आधी 'शिवराळ' आणि 'अश्लील' यांतला एक शब्द निवडायला सांगावं.

अमळनेर

सगळ्यांचे आभार. मसुदा असा बदलतो :

'सदर कादंबरीबाबत लेखी हरकत प्राप्त झाली आहे. पुस्तक आक्षेपित असून त्याचे संपूर्ण वाचन करून तीस दिवसांत लेखी निर्णय देण्यात येईल. तोपर्यंत प्रत देवघेवीत राहील.'

भुसावळ

'सदर कादंबरी' नको. नाव, आवृत्ती आणि दाखल क्रमांक लिहा. एकाच नावाची दोन पुस्तकं असतात आणि भलतंच कपाटाआड जातं.