मार्चेल्लो कट्टर कुठला?
बर्तोलुचीच्या ‘द कन्फर्मिस्ट’ (१९७०) या सिनेमाचा नायक मार्चेल्लो कट्टर फॅसिस्ट आहे असं कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. या माणसाला विचारसरणीशी काडीचं देणंघेणं नाही; त्याला फक्त चारचौघांसारखं दिसायचंय. लग्नसुद्धा त्यासाठीच! जंगलातला प्रसंग आठवा. ज्या फॅसिस्टविरोधी प्राध्यापकाचा तिथे खून होतो त्याची बायको आन्ना जिवाच्या आकांताने गाडीची काच बडवतेय आणि हा आत ढिम्म बसून. सोबतचा फॅसिस्ट हस्तक मांगानिएल्लोसुद्धा त्याच्या भेकडपणाला शिव्या घालतो. पुढे १९४३ साली इटलीचा फॅसिस्ट हुकूमशहा मुसोलिनी सत्तेवरून पडल्यावर हाच इसम भर रस्त्यात इतालोकडे, स्वतःच्या आंधळ्या मित्राकडे, बोट दाखवून ‘हा फॅसिस्ट’ म्हणून ओरडतो. कट्टर माणूस इतक्या झटकन टोपी फिरवेल?