‘राज्यपालांचे राजकारण’ म्हणावे का?

प्रश्न : ब्राझीलच्या पहिल्या प्रजासत्ताकावर (१८८९–१९३०) मराठीत लिहितोय. ‘पोलितिका दुस गव्हर्नादोरिस’साठी ‘राज्यपालांचे राजकारण’ लिहिलं, पण खटकतंय. आणि तिकडच्या गावोगावच्या बड्या जमीनदाराला, ‘कोरोनेल’ला, कर्नल म्हणावं का?

उत्तर : खटकणारच. आपला राज्यपाल दिल्लीहून नेमून येतो, तिकडचा निवडून यायचा. १८९१च्या घटनेने राज्यांना निर्यातकर दिला, परदेशी कर्ज काढायची मुभा दिली. साओ पाउलोने तर स्वतःचं सशस्त्र दल बाळगलं आणि १९०६ मध्ये त्याला कवायत शिकवायला फ्रेंच अधिकारी आणले. काही राज्यांत या पदाला चक्क ‘राज्याचा अध्यक्ष’च म्हणत. ‘राज्यप्रमुख’ करा.

दुसरे उत्तर : मग ‘मांडलिक’ का नको? राष्ट्राध्यक्षाच्या हाताखालचेच ना?

उत्तर : नाही हो. मांडलिक खंडणी भरतो, इथे गरज अध्यक्षालाच होती. कांपुस सालिस १८९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा तिजोरीत खडखडाट. लंडनच्या रॉथशिल्ड सावकारांकडून एक कोटी पौंडांचं कर्ज, रिओच्या जकातीचं उत्पन्न तारण. काटकसरीची अंदाजपत्रकं पास करून घ्यायला काँग्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेत, हक्काची माणसं हवी होती. ती राज्यप्रमुखांनी पुरवायची, बदल्यात केंद्राने त्यांच्या राज्यात लुडबूड करायची नाही. याला मराठीत साटेलोटे म्हणतात, दुसरा शब्द शोधत बसू नका.

विरोधक निवडून आलाच तर? त्याचीही सोय होती. संसदेच्या सभागृहाचे नियम बदलून निवड वैध ठरवण्याचं काम सत्ताधाऱ्यांच्या मुठीत आणलं. नको असलेल्याची निवडच अमान्य! लोक त्याला ‘देगोला’ म्हणत, म्हणजे गळा चिरणे.

प्रश्नकर्ता : ‘पत्ता कापणे’ चालेल?

उत्तर : पत्ता तिकीटवाटपात कापला जातो. हा गडी मतं घेऊन राजधानीत पोचलाय. ‘मुंडी छाटणे’ बरं.

‘कर्नल’ मात्र अजिबात नको, वाचक छावणीत जाईल. हा हुद्दा १८३१च्या नॅशनल गार्डमधला. तो गावोगावच्या बड्या जमीनदारांना मिळाला आणि पुढे त्यांच्या नावालाच चिकटला. ‘वतनदार’ही फसवं आहे. वतन वंशपरंपरेने चालतं. कोरोनेलची सद्दी वरच्यांची मर्जी आणि हाताशी असलेली मतं यांवर टिकायची. मतदान उघड होतं, गुप्त मतदान १९३२ मध्ये आलं. त्यामुळे कुळं कोणाला मत देतात ते मालकाला समोर दिसायचं. त्या मताला तिकडे ‘म्होरकीचं मत’ म्हणत. आपल्याकडे ‘दावणीला बांधलेलं मत’ म्हणा, लगेच कळेल. ‘कोरोनेल’ तसाच ठेवून एकदा खुलासा करा.

प्रश्नकर्ता : शेवटी साओ पाउलोच्याच राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन लुईस यांनी पुन्हा साओ पाउलोचाच उमेदवार पुढे केला. आपली पाळी हुकली म्हणून मिनास जेराइस हे राज्य बिथरलं, रिओ ग्रांदे दो सुल या राज्यासोबत विरोधी उमेदवार वार्गास यांच्या मागे गेलं, आणि १९३० मध्ये क्रांती झाली. इथे ‘साटेलोटे मोडले’ लिहू?

उत्तर : ‘फिस्कटले’ लिहा. मोडायला आधी लेखी करार असावा लागतो.