मारुती ८००: काळा पडलेला स्पार्क प्लग साफ करायचा पक्का उपाय सांगा (शनिवारच्या आत)

कराड८००
गाडी मिसिंग करतेय. प्लग काढला तर काळा ठिक्कर. पेट्रोलमध्ये भिजवला, ब्रशने घासला, परत बसवला, गाडी एकदम गुळगुळीत. थोडे दिवस गेले की परत तेच. शनिवारी घरच्यांना घेऊन चिपळूणला जायचंय, मधे कुंभार्ली घाट आहे. कशाने साफ केला तर टिकेल एवढंच सांगा. नवीन घ्या म्हणू नका, नवीनही घालून झालेत.

डिलको
कार्बोरेटरवाली की एमपीएफआय (इंजेक्शनवाली)? तिन्ही प्लग काळे की एकच? काळं म्हणजे कोरडी काजळी की ओलं तेलकट? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

आबा_सांगली
पॉलिश पेपर घ्या, दोन्ही टोकं चकचकीत करा. मग प्लग सांडशीत धरून गॅसच्या शेगडीवर टोक लाल होईपर्यंत तापवा, सगळा कार्बन जळून जातो. आम्ही मायको कंपनीचे प्लग वर्षानुवर्षं असेच वापरले. आजकालच्या पोरांना सगळं नवीन लागतं.

डिलको
आबा, शेगडीवर तेल जळतं हे खरं. पण तापलेला प्लग कोणी पाण्यात बुडवला तर आतलं चिनीमातीचं इन्सुलेटर तडकतं आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही. तारेच्या ब्रशनं तर त्या पांढऱ्या नाकावर धातूच्या बारीक रेघा उमटतात. मग ठिणगी गॅपमधून (दोन टोकांमधल्या फटीतून) न उडता रेघांवरूनच बॉडीला जाते. घासायचंच असेल तर जुना टूथब्रश आणि पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर. पूर्ण वाळवा, मग फिलर गेजनं (फट मोजायच्या पत्तीनं) गॅप बघा. कार्बवाल्या ८०० ला ०.७ ते ०.८ मि.मी.

आबा_सांगली
पाण्यात बुडवा असं मी कुठं लिहिलंय? आपोआप गार होऊ द्यायचा. पेट्रोल पंपावर वाळूचं मशीन असायचं, त्यात तर दोन मिनिटांत प्लग पांढरा व्हायचा.

डिलको
आणि वाळूचा कण इन्सुलेटर आणि बॉडीच्या फटीत अडकला तर थेट सिलिंडरमध्ये. त्या मशीननंतर हवा मारून फट साफ करावीच लागते, घाईत कोणी करायचं नाही.

नंदिनी_पिं
माझ्या गाडीत इरिडियमचे प्लग आहेत, तेही असेच घासायचे का?

डिलको
ताई, अजिबात नाही. त्यांची मधली तार खूप बारीक असते, ब्रशनं मोडते किंवा वाकते. ते काळे पडत असतील तर कारण शोधा.

कराड८००
माझा प्रश्न बाजूलाच राहिला. कार्बवाली आहे, ९८ ची. एकच प्लग काळा होतो, मधला. १ आणि ३ चे चांगले आहेत, विटकरी रंगाचे. प्लगची अदलाबदल पण केली, मधे जो बसेल तोच काळा. आता सांगा.

डिलको
ही तर सगळ्यात कामाची माहिती. चोक अडकला, एअर फिल्टर तुंबला किंवा कार्बोरेटर जास्त पेट्रोल देत असला तर तिन्ही काळे पडतात, कारण तिघांना पाजणारा कार्बोरेटर एकच. मधलाच पडतोय म्हणजे एकतर तिथं ठिणगी कमी पोचतेय किंवा तेल येतंय. प्लग काढल्या काढल्या टोक पांढऱ्या कागदावर टेका. डाग थोड्या वेळात उडाला तर पेट्रोल: मधल्या सिलिंडरच्या प्लगला जाणारी एचटी वायर आणि डिलकोची (तिन्ही प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप बघा. डाग तसाच राहिला तर ऑइल.

चेतक९०
आमच्या चेतकचा प्लग टू-स्ट्रोक ऑइलनं सारखा मरायचा. डिकीत कायम एक जादा प्लग आणि पाना. गाडी आडवी करून उभी केली की चालू. ते दिवसच वेगळे. अजून कुणाकडे चालू चेतक आहे का?

पुणेरी_चाक
९८ ची गाडी कशाला चालवताय? खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी संपतं, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. इंजिनवर खर्च करण्यापेक्षा सीएनजीवाली छोटी गाडी घ्या.

कराड८००
नूतनीकरण केलेलं आहे. गाडी वडिलांची, विकायची नाही, विषय संपला.
डाग उडाला नाही, कागद तेलकटच. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धूर येतो आणि मग थांबतो. मागच्या वेळी घाट उतरून खाली रेस दिल्यावरही आला होता.

डिलको
सकाळी आणि घाट उतरल्यावर, या दोनच वेळी धूर असेल तर माझा संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरून तेल आत जाऊ न देणाऱ्या रबरावर. रात्रभर तेल गाईडमधून (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते त्या नळीतून) झिरपतं. उतारावर गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरताना मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीत) व्हॅक्यूम वाढतो, तो सैल सीलमधून तेल आत ओढतो. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर चढावर लोड आल्यावरही धूर दिसतो. म्हणून कितीही घासलात तरी प्लग टिकणार नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. आधी कोरडं, मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून. ऑइलनं आकडा चांगला वाढला तर रिंगा, नाहीतर वरचंच, म्हणजे व्हॉल्व्हचं काम.

आबा_सांगली
एवढा खटाटोप कशाला? मधे एका पायरीनं गरम (टोक जास्त तापणारा) प्लग टाका. एनजीके कंपनीचा ६ चालत असेल तर ५ घ्या, कार्बन धरणारच नाही.

वाई_वर्कशॉप
गरम प्लगनं सपाट रस्त्यावर निभावून जाईल, घाटात नको. चिपळूणला जाताना उतार आहे, येताना मात्र भरल्या गाडीनं चढ. त्या लोडला गरम प्लगचं टोक इतकं तापू शकतं की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटेल आणि पिस्टनला मार बसेल. शिवाय बॉशचे आकडे उलटे, तिथं मोठा आकडा म्हणजे गरम. काउंटरवर नुसता आकडा सांगून प्लग घेऊ नका.

आबा_सांगली
आम्ही आंबेनळी, वरंधा सगळे घाट केलेत गरम प्लगवर. काही झालं नाही.

वाई_वर्कशॉप
तुमच्या गाडीला झालं नसेल. माझ्याकडे भोक पडलेले पिस्टन येतात.

कराड८००
भांडू नका, गॅरेजमधूनच लिहितोय. कॉम्प्रेशन तिन्हीचं जवळपास सारखं, मधल्यात ऑइल घालून फारसं वाढलं नाही. मिस्त्री म्हणतात हेड उतरवावं लागेल, चार दिवस. शनिवार जातो माझा. हेड न काढता सील बदलतात का?

वाई_वर्कशॉप
बदलतात. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरली की व्हॉल्व्ह खाली पडत नाही, वरून स्प्रिंग दाबून कॉटर (स्प्रिंग अडकवणाऱ्या खिट्या) काढायचे. मिस्त्रींकडे हवा भरायचा तो अडॅप्टर आहे का विचारा. गाईडच ढिली असेल तर मात्र हेड काढायलाच लागेल, आधी व्हॉल्व्ह हलवून बघू दे.
शनिवारपर्यंत नाही झालं तर मधे स्वच्छ केलेला प्लग, सोबत एक जादा आणि पाना. निघताना आणि कोयनानगरला ऑइलची काडी बघा. प्लग बदलायचा झाल्यास इंजिन गार होऊ द्या, हेड अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना आटे जातात. हातानं पूर्ण बसवून मगच पाना लावा. नवा वॉशर असेल तर अर्धा-पाऊण फेरा, दाबलेला जुना असेल तर नुसती चिमूटभर ओढ.

कराड८००
अडॅप्टर आहे म्हणतात. सील आणायला माणूस पाठवलाय. तिन्ही सिलिंडरचे बदलू की फक्त मधल्याचे?

डिलको
तिन्ही. सील स्वस्त असतात, उघडण्याची मजुरी तेवढीच. आणि आत्ता काढलेला मधला प्लग फेकून देऊ नका, आधी इन्सुलेटरवर ब्रशच्या रेघा आहेत का बघा. नसतील तर तोच तुमचा जादा प्लग.