८०० चं पुढचं सस्पेन्शन घरीच उघडू का? आणि दोरी लावून अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) खरंच होते का?

खळ्यातली_८००

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची, २००३ ची मारुती ८००, देवगड तालुक्यात गावीच असते. मी गणपतीला आलो तो अजून इथंच आहे, काम घरून चालू आहे, दिवाळी करूनच जाईन. यंदाच्या पावसाने रस्त्यांचं काय केलंय ते सांगायला नको, तळेबाजार ते नांदगाव तिठा एवढ्यातच गाडीची हाडं खिळखिळी झाली. आता लक्षणं अशी की खड्ड्यात डाव्या पुढच्या चाकातून खडखड येते, ब्रेक दाबला की एकदाच टक्क, सोडला की परत एक टक्क, आणि ब्रेकमधे गाडी डावीकडे ओढते. डाव्या टायरची बाहेरची कड खाल्लीय, त्यावर आडवा हात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत आणि उलट्या बाजूने करवतीसारखं लागतं.

एका मेकॅनिकला दाखवली तर त्याने बोनेटवर जोर देऊन दोनदा हलवली आणि दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे), टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा), आणि वर रॅकपण (स्टिअरिंग फिरवलं की सरकणारी दातेरी पट्टी) गेलाय असं सांगितलं. गाडीखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. आकडा ऐकून बाबा म्हणाले यापेक्षा विकून टाकू. मला विकायची नाहीये, मी याच गाडीवर शिकलो.

माझ्याकडे गाडीतला जॅक, रिंग पाने, हातोडी आणि पहार आहे. घर बांधताना उरलेले चिरे ढिगाने पडलेत, बाबा म्हणतात त्यांचा थर लावून गाडी वर ठेव आणि बस खाली. अलाइनमेंटचं मशीन कणकवलीला, म्हणजे जायलाच तास-दीड तास. पार्ट बदलून तिथवर जाईपर्यंत टायर वाचेल एवढं तरी घरी जमेल का?

पाना_नंबर_१४

बाकी सगळं राहू दे, आधी चिऱ्यांचं. चिऱ्यावर गाडी ठेवायची नाही म्हणजे नाही. जांभा दगड भिंतीत दाबला की घर उभं राहतं कारण वजन सगळ्या चिऱ्यावर पसरतं, इथं जॅकच्या जागेची एक पट्टी त्यावर टेकणार, कोपऱ्याचा चुरा व्हायला वेळ लागत नाही, आणि फुटायच्या आधी तो सांगत नाही. पाऊस पिऊन बसलेला चिरा तर आणखीच भुसभुशीत. दोन जॅक स्टँड घे, महाग नसतात, आणि काढलेलं चाक आडवं करून पत्र्याखाली सरकवून ठेव. मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके. खळ्याच्या (अंगणाच्या) मातीत जॅक रुततो म्हणून खाली जाड फळी.

आणि आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांची खास गोष्ट, खाऱ्या हवेने दाराखालची जॅक लावायची जागा आतून कुजलेली असते. वरून रंग छान दिसतो. आधी स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघ, आत गेला तर तिथं जॅक लावू नकोस, जॅक आरपार वर येईल.

आता दुखण्याचं. ब्रेक दाबताना एक टक्क आणि सोडताना एक टक्क, हे ऐकून मला शॉकअप आठवतच नाही. ८०० ला पुढे चाक मागे-पुढे धरून ठेवायला वेगळा रॉड नाही. स्टॅबिलायझर बारची, म्हणजे पुढच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या सळीची, टोकंच लोअर आर्ममधून आरपार जातात आणि तोच बार हे काम करतो. त्या टोकांचे रबरी बुश गेले की ब्रेक दाबल्यावर चाक मागे सरकतं, टक्क, सोडल्यावर पुढे येतं, परत टक्क. ओढण्याचं कारणही बहुतेक तेच, कारण चाक सरकलं की त्याचा कोन बदलतो. गाडी चालू करून पहिल्यात आणि रिव्हर्समधे आळीपाळीने क्लच सोडून लगेच ब्रेक दाबायला सांग घरच्यांना, तू बाजूला (पुढे नाही!) उभा राहून चाक मडगार्डच्या कमानीत किती हलतं ते बघ. डोळ्यांना दिसेल.

मग चाक उचलून, वर आणि खाली धरून हलव. खेळ असेल तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोळीचा सांधा) किंवा बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांग, ब्रेकमधे खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलव, तिथं खेळ म्हणजे टाय रॉड एंड किंवा रॅक. रॅकचा संशय असेल तर रबरी बूट चिमटीत पकडून आतला जॉइंट हलतो का ते हाताला कळतं. शॉकअपवर तेल ओघळलंय का ते नुसतं बघून समजतं. एवढं अर्ध्या तासात होतं, मग ठरव काय घ्यायचं.

घाटातला_डायवर

पाना यांचं निदान पटलं. फक्त एक, शॉकअप खराब निघाला तर स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी) अख्खा उतरवून दुकानात ने, स्प्रिंग घरी उघडू नकोस. वरचा मधला नट सोडला की दाबलेली स्प्रिंग मोकळी होते आणि ती कुणाचं तोंड ओळखत नाही. आमच्याकडे फोंड्याला एकाच्या हाताची बोटं गेली तसं करताना.

आणि दोरीबिरी सोड रे. मी दाजीपूरवरून राधानगरी-कोल्हापूर करतो, घाटात स्टिअरिंगवर भरवसा लागतो. अलाइनमेंट मशीनवरच.

सुतार_आळी

घाटातले भाऊ, दोरीला एवढं हिणवू नका. मशीन जे मोजतं तेच दोरी मोजते, मोजणाऱ्याचा हात लागतो एवढंच. शिवाय ८०० ला कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कलतं) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) फिरवायला सोय ठेवलेलीच नाही, फिरतो तो फक्त टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत तो कोन). मशीनवालाही शेवटी टाय रॉडच फिरवणार.

खळ्यातली, तुझ्या टायरची करवत टो चुकल्यामुळेच आहे. चाकं पुढून प्रमाणाबाहेर आत वळली की बाहेरची कड अशी दातेरी होते. वाकलेल्या कॅम्बरने कड खाल्ली तर ती गुळगुळीत खाल्ली जाते, आणि शॉकअप मेला तर टायरवर वाट्या-वाट्या पडतात.

दोरी म्हणजे सुतळी नको, सुतळी झोळ धरते. तंगूस घे, मासे धरायचा नायलॉनचा दोरा. चार खुंट्या रोव, गाडीच्या दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्याच्या उंचीवर ताणून बांध. पुढच्या आणि मागच्या चाकांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे चारही ठिकाणी एकच अंतर ठेवायला जाशील तर फसशील. डाव्या पुढच्या हबपासून तंगूस जितका लांब तितकाच उजव्या पुढच्या हबपासून हवा, मागे डावं-उजवं आपापसात सारखं, आणि दोन दोऱ्यांमधलं अंतर पुढे-मागे एकच. असं झालं की दोन्ही दोऱ्या गाडीच्या मधल्या रेषेला समांतर. मग रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत माप आणि मागच्या कडेपासून माप. पुढचं अंतर जास्त भरलं तर चाक तेवढं आत वळलंय. रिम वाकडी असली तर चूक होते, म्हणून गाडी चाकाचा अर्धा फेरा पुढे ढकलून परत माप आणि सरासरी धर.

दोन गोष्टी विसरल्या तर सगळं मापन फुकट. जॅकवरून उतरवलेली गाडी फेंगडी बसते, तिला चार-पाच मीटर पुढे-मागे ढकल, बोनेट दाबून हलव, मगच मोज. नाहीतर दोन्ही चाकांखाली दोन-दोन लाद्या, मधे ग्रीस लावून प्लास्टिकची पिशवी. दुसरं, खळं कधीच सपाट नसतं, पावसाचं पाणी जायला उतार दिलेलाच असतो. गवंड्याची पाण्याची नळी लावून चारही चाकांखालची उंची बघ, कमी असेल तिथं लादी सरकव.

कॅम्बर फिरवता येत नसला तरी ओळंबा सोडून दोन्ही बाजू एकमेकींशी ताडून बघ. १२ इंची रिमला एक अंश म्हणजे वर-खाली साधारण पाच-साडेपाच मिलीमीटरचा फरक. डावं-उजवं खूप वेगळं आलं तर काहीतरी वाकलंय.

माका_काय_तेचा

चिऱ्यार गाडी ठेवतलो म्हणता! मेल्या, म्हातारो सांगता म्हणान सगळा ऐकूचा नसता 😄 बाकी तंगूस बांधून झालो की खुंट्ये काढ, नायतर रात्री कोणतरी अडकान पडतलो.

खळ्यातली_८००

सगळ्यांचे आभार. तपासलं. पाना, तुम्ही म्हणालात तसंच, डावं चाक ब्रेकला बोटभर मागे जातंय, दिसतंय चक्क. डाव्या बॉल जॉइंटलाही खेळ आहे, ब्रेक दाबूनही तेवढाच. शॉकअप दोन्ही कोरडे, रॅकला काही नाही. स्टँड मागवले. डावा लोअर आर्म बॉल जॉइंटसकट, स्टॅबिलायझरचे सगळे बुश, आणि दोन्ही टाय रॉड एंड घेतोय कारण त्यांची रबरी टोपी फाटलीय. गंजलेल्या नटांचं काय करू?

पाना_नंबर_१४

आदल्या रात्रीच तारेच्या ब्रशने आटे साफ करून तेल सोडून ठेव, सकाळी परत. सगळ्यात जास्त जपायचा तो स्टॅबिलायझरच्या टोकाचा नट, जबरदस्ती केलीस आणि टोक तुटलं तर अख्खा बार नवीन. हलत नसेल तर गरम करून घे, पण रबरं जळणारच, ती तशीही बदलायचीच आहेत. तिथल्या वॉशर वाटीसारख्या असतात, तोंड कुठल्या बाजूला होतं त्याचा फोटो काढ.

बॉल जॉइंटचा दांडा नकलमधे (चाकाचा हब धरणारा भाग) आडव्या बोल्टने आवळलेला असतो आणि तो बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो, म्हणजे नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढायचा. मग छिन्नीने ती फट किंचित उघड आणि पहारीने आर्म खाली दाब. जॉइंट सुटला की नकल तारेने बांधून ठेव, बाहेर लोंबू दिलंस तर ड्राइव्ह शाफ्ट आतून निसटतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो.

टाय रॉड एंडचं वेगळं, तिथं स्प्लिट पिन आणि निमुळता दांडा. नट दोन आटे राहू दे आणि दांड्यावर नाही, ज्या डोळ्यात (भोकात) तो बसलाय त्याच्या बाजूला हातोडीचे दोन सणसणीत घाव. उडून निघतो. जुना एंड फिरवून काढताना किती फेरे झाले ते मोज, नवा तेवढ्याच फेऱ्यांनी चढव, निदान गाडी सरळ जाईल एवढं येतं. स्प्लिट पिन नवीच.

आणि हे बहुतेक गॅरेजवालेही करत नाहीत, बुशमधून जाणारे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. हाताने घट्ट ठेव, गाडी चाकांवर उतरव, दोन्ही चाकं जाड फळ्यांवर चढव आणि मग खाली शिरून आवळ. हवेत आवळलं तर रबर त्या स्थितीत चिकटतं आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं, वर्षभरात फाटतं.

सुतार_आळी

टो फिरवताना लॉकनट सोडलास की रॅकच्या बुटाची लहान क्लिपही मोकळी कर, नाहीतर बूट पीळ खाऊन फाटतो. डावं-उजवं सारखं फिरव, म्हणजे स्टिअरिंग वाकडं राहणार नाही. ढोबळमानाने एंडचा अर्धा फेरा म्हणजे रिमवर दीड-दोन मिलीमीटर, त्यामुळे पाव-पाव फेऱ्याने जा. दोन्ही मिळून शून्य ते दोन मिलीमीटर आत, एवढं ठेव आणि कणकवली गाठ.

खळ्यातली_८००

झालं! दोन दिवस लागले, त्यातला एक अख्खा दिवस स्टॅबिलायझरच्या एका नटाला गेला. टक्क बंद. फेरे मोजून नवीन एंड चढवूनही तंगूसवर डावं चाक पाच मिलीमीटर आत आणि उजवं जवळजवळ सरळ आलं, बहुतेक मागे कुणीतरी एकाच बाजूने फिरवून ठेवलं असावं. दोन्हीकडून मिळून दीड मिलीमीटरवर आणलं.

काल कणकवलीला मशीनवर लावली. टो ला त्याने फक्त उजवीकडे थोडा हात लावला. घाटातले भाऊ, मशीनवाल्याने विचारलं आधी कुठं केली म्हणून, मी खळ्यात म्हणालो. कॅम्बर डाव्या बाजूला अर्धा अंश कमी-जास्त दाखवतंय, तो म्हणाला चालेल. फक्त सरळ रस्त्यावर अजून हलकीशी डावीकडे जाते.

घाटातला_डायवर

मान्य, मान्य. पुढचे टायर डावा-उजवा बदलून बघ, त्याच खाल्लेल्या टायरचं असेल.

खळ्यातली_८००

बदलले. आता उजवीकडे जाते 😀 म्हणजे टायरच. पगार झाला की पुढचे दोन नवे.

माका_काय_तेचा

तंगूस कितीचो घेतलं होतंस?

खळ्यातली_८००

बाबांच्या गरीच्या डब्यातला होता, जाडी नाही बघितली. सुरमईचा असावा. आता परत मागतायत.