मंगेशीचं दर्शन घेऊन आलात, मग माफी नेमकी कोणाला मागायला लावताय?

वेंगुर्ल्याची_लेक
काल इथे एका दादांनी मंगेशीचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं की पोर्तुगीजांनी आमचे देव पळवायला लावले, आजच्या गोव्यातल्या कॅथलिकांनी आधी माफी मागावी, मग सलोख्याच्या गोष्टी कराव्यात. त्याला लाईकही भरपूर. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

आमचं कुलदैवत शांतादुर्गा. ती गोव्यातल्याच केळशीहून कवळ्याला कशी आली हे आजीच्या तोंडून ऐकतच मोठी झाले. मंगेश कुशस्थळीचा, झुवारी ओलांडून प्रियोळला आला. म्हाळसा वेर्ण्याची, महालक्ष्मी कोलव्याची. हे मला कोणी शिकवायला नको. पण १५६० ला गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं ते मुख्यतः कोणासाठी, हे दादांनी बघितलंय का? बाटलेल्यांसाठी. ज्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं त्याच्यावर त्यांचा पूर्ण हक्क, मग तो घरात गुपचूप दिवा लावतो का, जुने सण पाळतो का हे सांगायला शेजारी, नोकर, सख्खे नातेवाईक साक्षीला. १७७४ पर्यंत १६ हजारांवर खटले झाले आणि त्यातले बहुतेक अशाच लोकांवर. म्हणजे तुरुंगात सडले ते आजच्या कॅथलिकांचे पूर्वज. ज्यांना देव डोक्यावर घेऊन निघता आलं ते आपण, आणि ज्यांना शेत, गुरं, म्हातारी आई सोडून निघता आलं नाही ते मागे राहिले. त्यांच्याच नातवंडांना माफी मागायला लावायची?

आणि देव गेले कुठे तेही सांगा ना. अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, तेव्हाच्या आदिलशाहीत.

देवगडकर
ताई, तो मीच. तुमची कुलदेवता तीच आमची, म्हणून जास्त वाईट वाटलं. तुम्ही एवढं सगळं लिहिलंत पण १५६६-६७ ला सासष्टी आणि बारदेशात देवळं पाडली ते एका ओळीत पण नाही? अनाथ हिंदू पोरं पाद्र्यांच्या ताब्यात द्यायचा हुकूम १५५९ चा आहे. शेंडी ठेवायची तर कर भरा, तो कर १८४० पर्यंत चालला. हे बाटलेल्यांवर नव्हतं, आपल्यावर होतं. कोणीच माफी मागायची नाही तर हा हिशेब कोणाच्या नावावर लिहायचा?

वेंगुर्ल्याची_लेक
पोर्तुगालच्या राजाच्या आणि चर्च नावाच्या संस्थेच्या. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या जुन्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली होतीच. तुम्ही गोव्याचं नाव घेऊन मागायला लावा, पहिली सही माझी. पण म्हापशाच्या बाजारात पाव विकणाऱ्या माणसाला नका मागायला लावू.

सावंतवाडी_चर्चमागे
मी कॅथलिक. आमचे लोक बारदेशातून सावंतवाडीत आले ते त्याच भीतीने, असं घरात सांगतात. माझी आजी भात शिजतानाच मीठ घालायची, शेजारच्या सगळ्या घरांत बिनमिठाचा. आम्हाला वाटायचं ही तिची पद्धत. मोठेपणी वाचलं की १७३६ च्या फर्मानात ख्रिश्चनांनी बिनमिठाचा भात शिजवायला बंदी होती, कारण तो हिंदूंसारखा. तुळस नको, धोतर नको. चुलीपर्यंत आले होते ते. त्या दिवशी मी जेवलो नाही. आणि ऑफिसात नाताळच्या सुट्टीचा अर्ज दिला की एक जण हमखास म्हणतो, तुमच्या लोकांनी काय काय केलं. आमच्या लोकांनी सोसलं हो, केलं नाही.

देवगडकर
मीठाचं माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

वसईचा_माळी
गोवा गोवा गोवा. वसई कोणाला आठवते का? इन्क्विझिशनचा हात आमच्यापर्यंत पोचत होता, चौल, दमणपर्यंत. देलाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरला दमणलाच धरलं आणि नंतर गोव्याच्या तुरुंगात टाकलं, त्याने सुटल्यावर सगळं लिहिलं. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा आमच्या चर्चच्या घंटा उतरवून नेल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे. मी जाऊन हात लावून आलो. कोणाला माफी मागायला लावलं नाही. पण घरात मराठी बोलणाऱ्या माणसाला कोणी फिरंगी म्हणालं की अजून डोकं सणकतं.

देवगडकर
लढाईतली लूट आणि धर्माचा छळ एकच का? वसई घेताना गावं बाटवली का कोणी?

वसईचा_माळी
एकच म्हणालो नाही. घंटा देवळात कशी आली ते मुलांना सांगा एवढंच.

सावित्रीकाठ
सगळं वाचलं. तुम्ही चारशे वर्षं मागे जाताय, मी तुम्हाला माझ्या बारावीच्या वर्षाचं सांगते. महाड तालुका, गावाचं नाव लिहीत नाही कारण आई अजून तिथेच राहते. बाबांनी देवाला कोंबडं द्यायचं बंद केलं. नारळ देईन म्हणाले, जीव नाही देणार, आणि त्यासाठीची वर्गणीही नाही. बस एवढंच. गावकी बसली, दंड सांगितला, बाबांनी भरला नाही. वाळीत टाकलं. पिठाची गिरणी बंद, दुकानात उधारी सोडा रोख पण नाही, काकांच्या पोरीच्या लग्नात बोलावलं नाही कारण काकांनाही दंड झाला असता. शिमग्याला पालखी घरोघर गेली आणि आमच्या खळ्याला वळसा घालून पुढे गेली. आई ओटीचं ताट घेऊन उभी होती. ढोल वाजत होता आणि ती तशीच उभी. आम्ही कुठला धर्म बदलला होता?

देवगडकर
ताई वाईट झालं, पण हा धर्माचा प्रश्न नाही, भावकीचा आहे. कोकणात जमिनीवरून असं होतं. इन्क्विझिशनशी तुलना करू नका, तिथे माणसं जिवंत जाळली.

सावित्रीकाठ
जमिनीचा एक गुंठा वाद नव्हता. तुम्ही माझ्या घरात होता का? देवाला काय द्यायचं हे माझ्या बाबांनी ठरवायचं की गावाने, यावरून झालं. जाळलं नाही म्हणून छळ नाही का?

खाडीपल्याड
अशाने कोकणच्या गावांची बदनामी होते. आमच्याकडे दर्ग्याच्या उरुसाला हिंदू जातात, गणपतीत मुसलमान शेजारी आरतीला उभे राहतात. रत्नागिरीतल्या केळशीच्या याकूतबाबांना खुद्द शिवाजी महाराज मानायचे. एका गावचं धरून सगळ्यांना बोलू नका.

सावित्रीकाठ
बदनामी वाळीत टाकल्याने होते, सांगितल्याने नाही.

कोर्टाच्या_पायरीवर
ताईंची बाजू घेतो. १९४९ ला मुंबई राज्याने समाजाबाहेर टाकण्यावर बंदीचा कायदा केला होता. बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी आव्हान दिलं आणि १९६२ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, का, तर बहिष्काराचा अधिकार हा त्या पंथाच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग. म्हणजे स्वातंत्र्य पंथाचं, आतल्या एकट्या माणसाचं काय? पुढे २०१६ चा आपला सामाजिक बहिष्कार कायदा आला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रायगडच्या प्रकरणांचा त्यात मोठा वाटा. पण गुन्हा नोंदवायचा तर साक्ष कोण देणार? साक्ष दिली की तोही वाळीत. मी दोन प्रकरणं बघितली, दोन्हीत साक्षीदार फिरले.

वेंगुर्ल्याची_लेक
मी सुरुवात केली ती माफीवरून, पण मला वाटतं सावित्रीकाठ ताई माझ्यापेक्षा नेमकं बोलल्या. इन्क्विझिशनही आपल्याच माणसांवर शेजाऱ्यांची साक्ष घेत होतं.

देवगडकर
पुन्हा तीच तुलना! नाही पटत, आणि पटणार नाही. गावकीत शंभर चुका असतील पण तिने आमच्या गावात दुष्काळात सगळ्यांना जगवलं, भांडण कोर्टात जाऊ दिलं नाही. माझे आजोबा मानकरी होते. तुम्ही शहरात बसून गावकी मोडा म्हणता.

सावित्रीकाठ
तुमच्या आजोबांनी कोणाला वाळीत टाकलं होतं का कधी?

देवगडकर
…एका घराला. पाण्यावरून. मी लहान होतो. त्यांच्या मुलासोबत खेळायचं नाही असं सांगितलेलं.

माफीवाली ओळ काढून टाकतो पोस्टमधली. फोटो ठेवणार. देवळं पाडली हे लिहिलेलंही ठेवणार, त्यात एक अक्षर कमी करणार नाही.

सावंतवाडी_चर्चमागे
ठेवा. ते खरंच आहे.

खाडीपल्याड
ताई, आता येते का पालखी तुमच्याकडे?

सावित्रीकाठ
बाबा गेल्यावर दोन वर्षांनी आली. कोणी काही बोललं नाही, जशी दरवर्षी येत होती तशी आली. आईने ओटी भरली. मी घरात गेले आणि ढोल थांबेपर्यंत बाहेर आले नाही.