बांध फुटलेली खारजमीन: तिवरं लावायची की वाट पाहायची?

कोथरूडकर: आमचा पुण्यातला गट रायगडमधल्या एका पडीक खारजमिनीचा अभ्यास करणार आहे. बांध फुटलाय, उधाणाचं पाणी आत येतं. तिवराची (खारफुटीची) रोपं लावावीत का?

खाडीकाठ: आधी पातळी मोजा. बांधाआडची माती सुकून आक्रसते, नवा गाळही मिळत नाही. म्हणून ती बाहेरच्या खाजणापेक्षा (भरतीचं पाणी येतं त्या दलदलीपेक्षा) खोल असते. ओहोटीलाही पाणी तुंबलं तर चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वसनमुळं बुडून रोपं गुदमरतात. लागवडी फसतात त्या बहुतेक इथेच. बांधाचं खिंडार जुन्या पोयीच्या (भरती-ओहोटीचं पाणी वाहतं त्या ओहळाच्या) तोंडाशी नसेल तर पाणी नीट निचरत नाही. तिथे पोय मोकळी करा. निचरा झाला आणि जवळ जुनी झाडं असली की पावसाळ्यात बिया भरतीबरोबर आपसूक येतात. गाळ मोजायला बांबू खोल रोवा, खूण करा, दर महिन्याला भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत वाचा.

औंध_भूगोल: खारजमिनीच्या मागे असलेली शेती विसरू नका! इंग्लंडमध्ये मेडमेरीला २०१३ साली किनाऱ्याचा बांध मुद्दाम फोडला, पण त्याआधी आत सुमारे ७ किलोमीटरचा नवा बांध घातला. इथेही आतल्या बांधाची उघाडी (पाणी बाहेर सोडणारं झडपेचं दार) तपासा. झडप गळकी असेल तर खारं पाणी थेट भातात.

खाडीकाठ: बरोबर. आणि जमीनमालकांशी आधीच बोला. कांदळवन एकदा उगवलं की तोडता येत नाही. उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल खासगी जमिनीलाही लागू आहे.