विषय: किल्ल्याजवळचा फ्लॅट – शुक्रवारच्या आत सोलापुरात कोणी आहे का?

प्रेषक: अक्का (एडिसन)

मंडळी, गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेला, कोण कोण जातंय? मला एका माणसाची फार गरज आहे.

कोजागिरीला बोलले होते तोच फ्लॅट. किल्ल्याच्या बाजूची जुनी पेठ, सातवा म्हणजे शेवटचा मजला, तीन बेडरूम, स्वतःची गच्ची, सव्वा कोटी. हॉलच्या बाल्कनीतून अख्खा तलाव आणि मधलं सिद्धरामेश्वरांचं देऊळ दिसतं. एजंटनं व्हिडिओ कॉलवर फोन फिरवला तेव्हा उजवीकडे किल्ल्याचा बुरूजही दिसला, अगदी दगडांच्या सांध्यांत उगवलेलं गवत दिसेल इतका जवळ. शुक्रवारपर्यंत टोकन द्या म्हणतोय, नाहीतर पुण्याची पार्टी तयार आहे म्हणे. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) "आठ-दहा दिवसांत येतंय".

कुणीतरी जाऊन इमारत बघावी आणि फाइल चाळावी, एवढंच काम आहे. नाव इथं लिहीत नाही, फोनवर सांगते.

प्रेषक: अण्णा (नेपरव्हिल)

अक्का, एक कागद हातात येईपर्यंत टोकन देऊ नका.

बुरुजावरचं गवत दिसतंय म्हणता, तर पहिला प्रश्न अंतराचा. आपला भुईकोट किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित, तिथं नवीन बांधकाम नाहीच. पुढचे २०० मीटर नियंत्रित, तिथं बांधता येतं, पण राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. महापालिकेची परवानगी आहे म्हणून ही टळत नाही.

त्या परवानगीच्या पत्रात उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. जिन्याची टोपी, कठडा, गच्चीवरची टाकी सगळं धरून. तुमच्याकडे पार्किंग आणि वर सात मजले. तीन-तीन मीटरनं धरा, चोवीस मीटरवर गच्ची, त्यावर लिफ्टची खोली आणि टाकी. एवढ्या उंचीचं पत्र बिल्डरकडे आहे का, एवढंच विचारा. बाकीच्या फरशा आणि मॉड्युलर किचन नंतर.

प्रेषक: बाळू (मिसिसॉगा)

अक्का, मी जायलोय. यंदा आमच्या घरातला पुतण्या पहिल्यांदाच बाराबंदीचा पांढरा पोशाख घालून मिरवणुकीत नंदीध्वजाच्या काठीबरोबर चालणार, त्यामुळे सिद्धरामेश्वरांच्या लग्नाची अक्षता चुकवायची नाही. इमारत बघतो की. पण यात्रेच्या दिवसांत होम मैदानाकडचे रस्ते गाड्यांना बंद असतात, तेव्हा पायी जाईन. तुम्हीही बघून ठेवा, तिथं राहायला गेलात तर त्या दिवसांत गाडी लांबच लावावी लागेल. पण "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" बाल्कनीत उभं राहून ऐकायला मिळेल, तेही आहे.

प्रेषक: तात्या (फ्रीमॉन्ट)

अण्णा, उगाच घाबरवू नका. त्या भागात एवढ्या इमारती उभ्या आहेत, सगळ्यांनी दिल्लीचं पत्र आणलंय काय?

त्रास होतो तो जुन्या माणसाला. माझ्या मामांचा वाडा किल्ल्याच्या अंगालाच. माळवद गळायला लागलं. दरवर्षी पांढरी माती टाकायची, ती दरवर्षी वाहून जायची. स्लॅब टाकू म्हटलं तर या खात्याचं त्या खात्याला पत्र, अन् दोन पावसाळे ताडपत्रीखाली गेले. मामी भांडी ठेवून ठेवून थकली. शेजारी मात्र बघता बघता मजले चढले. कायदा असाच चालणार असेल तर अक्कांनी सोन्यासारखी जागा का सोडावी? चांदबीबीच्या लग्नात आंदण दिलेला किल्ला आहे तो, अशी जागा पुन्हा मिळत नाही.

प्रेषक: अण्णा (नेपरव्हिल)

तात्या, मामांच्या वाड्याचं दुःख मला कळतं. पण तो वाडा १६ जून १९९२ च्या आधीचा, त्यामुळे दुरुस्तीसाठी अर्ज करायला कायद्यात जागा होती. नव्या इमारतीला प्रतिबंधित पट्ट्यात तीही नाही. आणि परवानगीशिवाय बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेजारच्यानं चढवले म्हणून आपल्या मजल्याला भोगवटा मिळत नाही. बिल्डर पैसे घेऊन पुढच्या प्रकल्पाला लागतो, कागदाला अडकतो तो वरच्या मजल्यावरचा माणूस. म्हणून अक्का, मोजताना तटाच्या भिंतीपासून मोजू नका. संरक्षित हद्द कुठपर्यंत आहे ते नकाशावर बघायचं आणि तिथून मोजायचं. खंदकाकडच्या बाजूला हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो.

प्रेषक: वकीलवहिनी (न्यू जर्सी)

उंचीचं अण्णा बघतील, मी व्यवहाराचं सांगते.

बाळू भाऊजींना सही करायचा अधिकार आत्ता देऊ नका. फाइल बघायला साधं संमतीपत्र पुरे. पुढे खरेदीसाठी कुलमुखत्यारपत्र करायचंच झालं तर वकिलातीत साक्षांकित करा आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिथं मुद्रांक भरा. पैसे एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून, बँकेतूनच. एजंटच्या हातात काही नाही. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे) असलात तरी फ्लॅट घेता येतो, शेतजमीन नाही. (शेतजमिनीबद्दल परवा कुणी विचारलं होतं, त्यांनीही वाचावं.) आणि फक्त अक्कांच्या नावावर घेतला तर महाराष्ट्रात बाईमाणसाला मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. सव्वा कोटीवर सव्वा लाख. यजमानांचं नाव मायेनं घालू नका.

भोगवटा आल्यावर घेतलात तर जीएसटीही लागत नाही. "आठ-दहा दिवसांत येतोय" असेल तर त्यांना शुक्रवारची एवढी घाई का?

प्रेषक: मावशी (ह्यूस्टन)

पाण्याचं कुणीच विचारलं नाही! उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटरवरून येतं आणि नळाला रोज येत नाही. माझी बहीण तिथंच राहते. पाणी यायच्या दिवशी ती लग्नाचं आमंत्रणसुद्धा घेत नाही.

अक्का, बिल्डरला जमिनीखालच्या टाकीचं माप विचार. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. चार माणसांना ५४०. पाच दिवसांचा खंड पडला तर २,७०० लिटर एका घराला. चाळीस घरं असतील तर एक लाख आठ हजार लिटर साठवायला हवं. तेवढी टाकी नसेल तर टँकर, आणि टँकरचा खर्च देखभालीत येणार. बोअरचं पाणी जड, त्या भारी नळांवर पांढरे थर चढतात.

प्रेषक: सचिव

सर्वांना नमस्कार. जागांच्या खरेदी-विक्रीचे विषय आपल्या ईमेल यादीवर आणायचे नाहीत असं वार्षिक सभेत ठरलं आहे. संक्रांतीच्या कार्यक्रमाचा निरोप खाली गेला आणि तिळगुळासाठी अजून पुरेशी नावं आलेली नाहीत. कृपया हा धागा खासगीत न्यावा.

प्रेषक: तात्या (फ्रीमॉन्ट)

सचिवसाहेब, ठरलं होतं ते एजंटांच्या जाहिरातींबद्दल. मी त्या सभेत होतो. आपल्या माणसाचा सव्वा कोटी अडकायची वेळ आली असताना यादीवर बोलायचं नाही, मग यादी कशाला? तिळगुळासाठी आमच्या घरची दोन नावं लिहा.

मावशी, टाकीचं बरोबर बोललात.

प्रेषक: अक्का (एडिसन)

सगळ्यांचे आभार. रात्री बसून महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर इमारतीचा नोंदणी क्रमांक टाकला. मंजूर नकाशा तिथंच चढवलेला आहे. त्यात पार्किंग आणि वर पाच मजले आहेत. पाच! स्मारक प्राधिकरणाचं पत्र अपलोड केलेल्या कागदांत कुठंही नाही.

एजंटला फोन केला. "सुधारित मंजुरी यायलीय मॅडम, वरचे दोन मजले त्यात आहेत." मग आज विकताय कसे, विचारलं तर साहेबांशी बोलून सांगतो म्हणाला. मी टोकन देत नाहीये, तसं लेखी कळवलं. सुधारित नकाशा, उंचीचं पत्र आणि भोगवटा, तिन्ही समोर ठेवा, मग बोलू. पुण्याच्या पार्टीनंही हे बघावं असं मला मनापासून वाटतं.

फ्लॅट सोडवत नाहीये. सासूबाईंचं माहेर त्याच पेठेतलं. त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एक आहे, मंजूर नकाशातला. तलाव थोडा कमी दिसतो. पण त्यालाही उंचीचं पत्र लागेलच ना, अण्णा?

प्रेषक: अण्णा (नेपरव्हिल)

लागेल. पत्र संपूर्ण इमारतीला असतं, एकेका मजल्याला नाही. जागा १०० मीटरच्या आत निघाली तर चौथाही नको, पहिलाही नको.

प्रेषक: बाळू (मिसिसॉगा)

मग मी नगर भूमापन कार्यालयात जाऊन मिळकत पत्रिका आणि हद्दीचा नकाशा काढतो, तिथून महापालिकेत. यात्रेची सुट्टी संपली की लगेच. टाकीचं मापही घेतो, मावशी. शेंगाचटणी आणि कडक भाकरी कुणाला किती हवी ते बुधवारपर्यंत कळवा, बॅगेत किलोचा हिशोब आहे.